शाळेच्या पाटीवरील नाव

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेत ख्रिस्तमंदिर कोणी बांधले, घंटा कोठून आली, पहिले मास्तर कोण, ह्यांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखकाने एक लहानसा विषय निवडला आहे. तो म्हणजे शाळेच्या दारावरची पाटी. जिच्याखालून आपली मुले रोज सकाळी दप्तर सांभाळीत आत जातात आणि जिच्याकडे मान वर करून पाहण्यास त्यांना फारशी फुरसत नसते, ती पाटी.

अहमदनगर शहरी (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले) सावेडीच्या बाजूस गेले असता कॅथोलिक धर्मसंघांच्या दोन शाळा आढळतात. एकीचे नाव डॉन बॉस्को, दुसरीचे ऑक्झिलियम. पहिले नाव एका संस्थापकाचे आहे. दुसरे पवित्र मरियेच्या बिरुदातून आलेले लॅटिन पद असून त्याचा अर्थ 'साहाय्य' असा आहे. श्रीरामपुरास सेंट झेवियर आहे. संगमनेरास ज्ञानमाता विद्यालय आहे. एकाच जिल्ह्यातील ह्या चार पाट्यांत कॅथोलिक शाळांना नाव देण्याच्या सर्व तऱ्हा येऊन जातात: संघाचा संस्थापक, संस्थापकाच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक, मरियेचे लॅटिन बिरुद आणि मरियेचे मराठी बिरुद.

ह्यांपैकी परक्या नावांचा अर्थ आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असतो? 'डॉन' हा इटालियन भाषेत धर्मगुरूच्या नावाआधी लावावयाचा मानाचा शब्द आहे, आपल्या 'फादर'सारखा. चित्रपटांनी ह्या शब्दाची जी दुर्दशा केली तीमुळे पाहुण्यांस शाळेचे नाव सांगताना मुले गालांत हसतात, आणि त्यांना दोष देववत नाही. बॉस्को हे आडनाव. त्या भाषेत बॉस्को म्हणजे रान. लोयोला हे मुळी माणसाचे नावच नव्हे. स्पेनच्या बास्क प्रांतातील एका घराण्याच्या वाड्याचे ते नाव, आणि त्या वाड्यातला म्हणून इग्नाती 'लोयोलाचा'. आपण सोनईकर, राहुरीकर म्हणतो तसाच हा प्रकार. झेवियर हेही नवारा प्रांतातील एका गढीचे नाव. बास्क भाषेतील मूळ शब्दांचा अर्थ 'नवे घर' असा होतो. म्हणजे श्रीरामपूरच्या पाटीवर लिहिले आहे 'नवे घर' आणि सावेडीच्या पाटीवर लिहिले आहे 'रान'. इतके जवळचे शब्द, परंतु परभाषेच्या बुरख्यामुळे दूर राहिलेले.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्यांची नावे आज जगभर शाळा-महाविद्यालयांस दिलेली आहेत, त्यांपैकी दोन थोर पुरुषांनी आपल्या संघासही स्वतःचे नाव लावले नाही. संत फ्रान्सिसच्या संघास लोक फ्रान्सिस्कन म्हणत, संत डॉमिनिकच्या संघास डॉमिनिकन. इग्नातीने मात्र आग्रह धरला की, संघ येशूच्याच नावाने ओळखला जावा. आणि तिसऱ्या पॉल पोपमहोदयांनी १५४० साली मान्यता दिली ती त्याच नावास. पुढे १८५९ साली डॉन बॉस्को ह्यांनी ट्युरिन शहरी आपला संघ स्थापिला, तेव्हा त्यांनीही जिनेव्हाचे सौम्य वृत्तीचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचे नाव घेतले. म्हणून ते सालेशियन. स्वतःचे नाव मागे ठेवणाऱ्यांची नावे अनुयायांनी दारावर टांगली, हा कृतज्ञतेचा भाग होय. परंतु ज्याने नाव मागे ठेवले त्याने पुढे काय ठेवले होते, हे पाहिल्यावाचून ती कृतज्ञता पुरी होत नाही.

इग्नातीचेच पाहा. तीस वर्षांचा हा सरदार १५२१ च्या मे महिन्यात पांप्लोनाच्या वेढ्यात तोफगोळ्याने पाय मोडून पडला. आजारपणात त्याचे मन पालटले, हे आपण प्रवचनांत ऐकतो. प्रवचनांत जे बहुधा राहून जाते ते असे की, ह्यानंतर त्याला शाळेत जावे लागले. लोकांचे आत्मिक साहाय्य करावयाचे तर विद्या हवी आणि विद्येची भाषा लॅटिन. ती त्याला येत नव्हती. तेव्हा १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोना शहरी तो लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला आणि धातूंची रूपे घोकू लागला. घोकताना प्रार्थनेचे गोड विचार मनात येत व धडा राहून जाई. हा मोह आहे हे ओळखून त्याने पंतोजींना वचन दिले की, भाकरी आणि पाणी मिळते तोवर दोन वर्षे आपण एकही पाठ चुकविणार नाही. पुढे १५२८ साली तो पॅरिसला गेला, तेथेही पाया कच्चा म्हणून पुन्हा मुलांतच बसला. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी सुट्टीत फ्लँडर्समधील व्यापाऱ्यांकडे, एकदा तर लंडनपर्यंत, भिक्षा मागत जावे लागे. आपल्या जिल्ह्यात प्रौढवर्गात पाटी घेऊन बसलेले चाळिशीचे गडी, ऊसतोडीच्या हंगामामुळे इयत्ता बुडालेली आणि आपल्याहून लहान मुलांत बसावे लागले म्हणून लाजणारी मुले, ह्यांना इग्नातीचे हे चित्र कोणी दाखविले आहे काय? बहुतेक तसबिरींत तो झळझळीत उपासनावस्त्रांत किंवा काळ्या झग्यात उभा असतो. बाकावर बसलेला कोणी काढीत नाही.

संघ स्थापन झाला तेव्हा शाळा चालविण्याचा विचार त्याच्या मनात मुख्यत्वे नव्हता. सिसिली बेटावरील मेसीना शहराच्या नागरिकांनी मागणी केली म्हणून १५४८ साली दहा येशूसंघीय तेथे गेले, आणि बाहेरच्या मुलांसाठी संघाचे पहिले विद्यालय उभे राहिले. तीन वर्षांनी, १५५१ च्या फेब्रुवारीत, रोममध्ये भाड्याच्या एका घरात आणखी एक विद्यालय उघडले. त्याच्या दारावर पाटी होती. तीवर कोणा संताचे वा संस्थापकाचे नाव नव्हते. व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती तत्त्वबोध हे विषय येथे शिकवितात, आणि विनामूल्य शिकवितात, एवढाच तिचा आशय. पुढे हेच विद्यालय वाढत जाऊन रोमचे ग्रेगोरियन विद्यापीठ झाले, आणि ते नाव त्यास तेराव्या ग्रेगरी पोपमहोदयांमुळे मिळाले, कारण इमारतीस व खर्चास आधार त्यांचा. इग्नाती १५५६ साली वारला, तोवर संघाची तीसहून अधिक विद्यालये झाली होती.

संस्थापकाचे नाव शाळेस देण्याची रीत केव्हा पडली? ह्याचे एक उत्तर आपल्या भाषेच्याच परिसरात सापडते. गोव्यात साष्टी तालुक्यात राशोल येथे येशूसंघीयांचे विद्यालय होते. त्याची कोनशिला १६०६ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस, म्हणजे सर्व संतांच्या सणादिवशी बसविली आणि नाव ठेवले सर्व संतांचे विद्यालय. १६२२ च्या मार्चमध्ये रोम येथे इग्नाती, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेजा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिदोर ह्या पाच जणांस एकाच समारंभात संतपद जाहीर झाले. त्याच साली राशोलचे विद्यालय संत इग्नातीचे झाले. संस्थापक कितीही थोर असो, धर्मसभेने संत म्हणून जाहीर केल्याखेरीज त्याला शाळेचा आश्रयदाता संत म्हणून पुजता येत नाही. म्हणूनच पहिल्या पिढीतील शाळांना त्याचे नाव आढळत नाही.

राशोलचे नाव निघाले की आपण मराठी माणसांनी क्षणभर थांबलेच पाहिजे. कारण ह्याच विद्यालयाच्या छापखान्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघाले. जन्माने इंग्रज असलेल्या ह्या येशूसंघीयाने आपल्या मराठी-कोकणी बोलणाऱ्या लोकांसाठी ओवीसारखा छंद निवडला. आणि हा ओवीछंद ज्या ग्रंथाने मराठी मनात रुजविला, ती ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे १२९० साली सांगितली गेली. नेवाशाची ओवी राशोलला गेली आणि अडीच-पावणेतीन शतकांनी येशूसंघीय धर्मगुरू प्रवरेच्या काठी आले. हे नाते कोणी जुळवून आणलेले नाही. पण आहे.

मधला काळ भराभर सांगून टाकतो. पोर्तुगालच्या सत्तेने १७५९ साली येशूसंघीयांना आपल्या मुलखांतून हद्दपार केले. राशोल पुढे धर्मप्रांताचे सेमिनरी झाले. सर्व जगातील संघच १७७३ मध्ये विसर्जित झाला व १८१४ मध्ये पुनः स्थापन झाला. त्यानंतरच्या शतकात लोयोलाचे नाव समुद्रापार पसरले: अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८५२ साली, मद्रासेस १९२५ साली, आणि आपल्या शेजारी पुण्यास १९६१ साली लोयोला हायस्कूल निघाले. मुंबईचे सेंट झेवियर महाविद्यालय मात्र ह्यांतील पुष्कळांहून जुने, १८६९ चे. इतर संघांनीही हाच मार्ग धरला. शिकागोत व्हिन्सेन्शियन संघाने १८९८ साली संत व्हिन्सेंटच्या नावे काढलेले महाविद्यालय १९०७ पासून द पॉल विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. संत व्हिन्सेंट द पॉल हा रोग्यांचा व गलबतांवर वल्ही मारणाऱ्या बंदिवानांचा कैवारी होता. त्याच्या नावे विद्यापीठ निघेल असे त्याला स्वप्नातही वाटले नसेल.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथे प्रथम पाट्याच नव्हत्या. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला, आणि १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत नगर जिल्हा त्यातच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन येशूसंघीय केंदळ, वळण, संगमनेर ह्या बाजूस काम करू लागले, तेव्हा त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. त्या काळच्या शाळांची स्थिती समजण्यास एक उदाहरण पुरे आहे. धारवाडच्या सरकारी शाळेत १८५६ साली एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि सरकारनेही अखेर त्याच्या बाजूने हुकूम दिला नाही. धारवाड तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होते. अशा काळी वस्तीतल्या एखाद्या छपरात, तेही नसेल तर झाडाखाली, मास्तर बसे. तोच अक्षरे शिकवी, तोच प्रार्थना सांगे, तोच रात्री जपमाळ म्हणवून घेई, आणि कोणाचे पत्र आले तर तोच वाचून दाखवी. त्या शाळेला लोक काय म्हणत? मिशनची शाळा, किंवा नुसते मास्तरची शाळा. लोयोला हा शब्द त्या छपराखाली क्वचितच उच्चारला गेला असेल. परंतु रोममधील त्या भाड्याच्या घराच्या पाटीवर जो मजकूर होता, तो येथे पाटीवाचून पाळला जात होता.

पहिल्या महायुद्धाने ह्या कामावर घाला घातला. फादर जर्मन आणि सरकार इंग्रज. नगर शहरीच जर्मन लोकांना अडकवून ठेवण्याची मोठी छावणी होती. ज्यांनी जिल्ह्यात शाळा काढल्या त्यांच्या संघबंधूंवर त्याच मुलखात शत्रू म्हणून नजरकैदेत पडण्याची व पुढे मायदेशी परत पाठविले जाण्याची पाळी आली. पुण्याचे बिशप हेन्री डोअरिंग तर १९२१ साली जपानात हिरोशिमास नेमले गेले आणि १९२७ साली पुनः पुण्यास आले. दरम्यान शाळा ज्या टिकल्या त्यांत मोठा वाटा मराठी मास्तरांचा. त्यांचे नाव कोणत्याच पाटीवर नाही. ह्या स्मरणिकेच्या संपादकांस माझी विनंती आहे की, जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत धर्मपिता म्हणून किंवा साक्षीदार म्हणून ज्या मास्तरांच्या सह्या आहेत, त्या तरी कोणी उतरवून घ्याव्यात.

संगमनेरचे ज्ञानमाता हे नाव ह्या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. मरियेस उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या लॅटिन लितानीत 'ज्ञानाचे आसन' असे एक बिरुद आहे. त्याचे शब्दशः भाषांतर करून न थांबता कोणीतरी ते मराठी कानाला रुचेल असे घडविले. हिंदू शेजाऱ्यासही ते नाव परके वाटत नाही आणि ख्रिस्ती माणसास त्यातील मरियेची खूण पटते. संस्थापकाचे नाव न लावता संस्थापकाच्या मनासारखे वागण्याचा हा एक प्रकार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मातृभाषेची गोष्ट निघाली म्हणून एका फ्रेंच संस्थापकाचा दाखला देतो. संत जॉन बाप्टिस्ट द ला साल ह्यांनी १६८० च्या सुमारास रेंस शहरी गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या बंधूंचा संघ उभारला. तोवर मुलांना वाचन लॅटिनपासून शिकवीत. ज्या मुलाला पुढे सुतारकाम करावयाचे त्याने न समजणारी अक्षरे दोन वर्षे का घोकावी, असा विचार करून ह्यांनी वाचनाचा आरंभ फ्रेंचपासून केला, आणि शिक्षकांना शिकविण्यासाठी वेगळी शाळाही काढली. त्यांना १९०० साली संतपद मिळाले. त्यांच्या नावे मनिलास १९११ साली निघालेली शाळा आज मोठे विद्यापीठ आहे. आज आपल्या जिल्ह्यात मराठी माध्यमाचे वर्ग रिकामे पडत आहेत व इंग्रजी माध्यमाच्या दारी पालकांची रांग लागते. पालकांचे चुकते असे मी म्हणणार नाही; नोकरीची वाट कोणत्या भाषेतून जाते हे त्यांना कळते. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच इयत्तेत परभाषेत घोकायला लावणे ही ला साल ह्यांनी मोडलेलीच जुनी रीत आहे, एवढे तरी त्यांचे नाव घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि फीचे काय? येशूसंघाच्या शाळांत शिक्षण विनामूल्य असावे हा नियम इतका कडक होता की, अमेरिकेतील शाळा फीवाचून तगेनात तेव्हा १८३३ साली रोमकडून खास मोकळीक मिळवावी लागली. ती मोकळीक आता सर्वत्र रूढ झाली आहे. शिक्षकांस पगार द्यावयाचा, इमारत राखावयाची, तर पैसा लागतो, हे कोणीही जाणतो. डॉन बॉस्को स्वतः पैशासाठी दारोदार हिंडले. पण त्यांचा आरंभ कोणापासून झाला? १८४१ च्या डिसेंबरच्या आठ तारखेस ट्युरिनच्या एका चर्चच्या मागील दालनात, मिस्सासेवा करता येत नाही म्हणून तेथील सेवकाने मार देऊन हाकलेल्या गवंड्याच्या हाताखालील एका पोरक्या पोरापासून. डॉन बॉस्को दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांचे वडील वारले होते. लहानपणी ते दुसऱ्याच्या शेतावर सालगड्यासारखे राहिले होते आणि शिकता शिकता शिंप्याचे व लोहाराचे काम करीत. म्हणून त्यांना हे पोर ओळखता आले.

सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत एक चतुर्थांश जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून सूट मिळाली. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे त्याच न्यायालयाच्या एका पीठाने २०२५ साली म्हटले आहे. वकिलांनी त्याचे काय करावयाचे ते करोत. आपल्या घटनेने दिलेला शाळा चालविण्याचा हक्क मौल्यवान आहे आणि तो राखला पाहिजे, ह्यात शंका नाही. मात्र सूट मिळाली म्हणून त्या पोरक्या पोराची जागा रिकामी झाली असे कोणी समजू नये. कायदा जेथे मागत नाही तेथे देणे हे पाटीवरच्या नावाचे मागणे आहे. एका धर्मग्रामातील बाईने मला सांगितले की, तिने मुलाचा अर्ज नेला तेव्हा कचेरीतील माणसाने आधी विचारले, घरी इंग्रजी कोण बोलते. शाळा कोणती हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

शेवटी पुनः सावेडीस जातो. ऑक्झिलियम ज्यांची, त्या धर्मभगिनींचा संघ डॉन बॉस्को ह्यांनी १८७२ साली मारिया मात्सारेल्लो हिच्या साहाय्याने स्थापिला. त्या संघाच्या भगिनी १९२२ साली तंजावरास उतरल्या, तेव्हापासून त्या हिंदुस्थानात आहेत. मारिया ही उत्तर इटलीतील मोर्नेसे गावच्या शेतकऱ्याची मुलगी. द्राक्षमळ्यात पुरुषांच्या बरोबरीने राबणारी. गावात १८६० साली विषमज्वराची साथ आली, आजारी नातलगांची शुश्रूषा करता करता तीही पडली, उठली तेव्हा शेतकामाची शक्ती गेली होती. मग ती शिवणकाम शिकली आणि गावच्या मुलींना गोळा करून सुई हाती देऊ लागली; सुईबरोबर प्रार्थनाही. स्वतःला लिहिता येऊ लागले ते प्रौढपणी, संघाची प्रमुख झाल्यावर. १८८१ साली ती वारली. १९५१ साली तिला संतपद मिळाले.

नगर जिल्ह्यातील ऊस खुरपणाऱ्या, कांदा काढणाऱ्या आणि सही करावयास उशिरा शिकलेल्या आपल्या आयाबहिणींच्या जवळची अशी दुसरी संस्थापिका मला तरी आठवत नाही. तिचे नाव त्या पाटीवर नाही, आणि तिलाही ते रुचले नसते. तिने पुढे मरियेचे नाव ठेवले. इग्नातीचा सण ३१ जुलैस येतो, शाळा भरलेली असते, पावसात भिजत का होईना मुले भाषणे करतात. डॉन बॉस्कोंचा ३१ जानेवारीस, झेवियरचा ३ डिसेंबरास. मारियेचा सण येतो १३ मे रोजी. त्या वेळी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, वर्ग कुलूपबंद असतात, आणि मुली आईबरोबर शेतावर गेलेल्या असतात.